समुद्रासमोरची खोली घेतली, पण समुद्र कुठाय?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका ताईंना जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहा रात्रींसाठी अंदमानला जायचंय. बरोबर यजमान, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे, वय 68 आणि 74. "फिरून दमायचं नाहीये, निवांत पडून राहायचंय," असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. एजंटने पॅकेज दिलंय ते असं: पोर्ट ब्लेअर 2 रात्री, हॅवलॉक बेट 2, नील बेट 1 आणि परत पोर्ट ब्लेअर 1. हॅवलॉकला तीन पर्याय आहेत: जेट्टीजवळ बाजारातलं हॉटेल, विजयनगर किनाऱ्यावरची कॉटेज आणि राधानगरजवळचं महागडं रिसॉर्ट. यातलं कुठलं घ्यावं?

ताई, आधी एक जुनी फजिती सांगतो. अंदमानला माणसं पाठवायला लागून मला दोन-तीनच वर्षं झाली होती. साताऱ्याच्या एका कुटुंबाला मी विजयनगरला "बीच फ्रंट कॉटेज" करून दिली. ब्रोशरमध्ये निळंशार पाणी अगदी पायरीपाशी आलेलं. दुपारी एकच्या सुमारास आजोबांचा फोन आला. "अहो, समुद्र कुठाय?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. "वाळू हाय, नारळ हायत, खुर्च्या बी टाकल्यात. पर पानी पार तिकडं लांब गेलंय आन् मधी नुसते काळे दगड." चेष्टा नव्हती. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी ओहोटी होती. तीन दिवस त्यांच्या नातवंडांना आंघोळीच्या वेळी पाणी म्हणून मिळालं नाही, आणि धाकट्याचा तळपाय मेलेल्या प्रवाळावर कापला तो वेगळाच. हॉटेलवाला खोटं बोलला नव्हता, खोली खरोखरच समुद्रासमोर होती. चूक माझी. मी खोली बघितली होती, किनारा बघितला नव्हता.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने जातो. आधी किनारा ठरवायचा आणि खोली त्यानंतर. एसी, स्विमिंग पूल, नाश्त्याचा बुफे या गोष्टी पैसे टाकून सुधारता येतात, किनारा कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय ते नाही.

नावांचा घोळ आधी मिटवू. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटावर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका, रिक्षावाल्याच्या तोंडी अजून जुनंच आहे. मीही जुनंच वापरतो.

हॅवलॉकचे किनारे तिथली माणसं नंबराने ओळखतात. एक नंबरला जेट्टी, तीन नंबरला गोविंदनगरचा बाजार, पाच नंबर म्हणजे विजयनगर आणि सात नंबर राधानगर. विजयनगर बेटाच्या पूर्वेला, राधानगर पश्चिमेला. जेट्टीपासून राधानगर साधारण बारा किलोमीटर, मध्ये डोंगर आणि दाट जंगल. नकाशावर बेट एवढंसं दिसतं म्हणून "कुठेही राहिलो तरी काय फरक" असं वाटतं. फरक इथेच पडतो.

पूर्वेच्या बाजूला, म्हणजे विजयनगरला, किनाऱ्याला लागूनच प्रवाळाचा सपाट ओटा आहे. भरतीला त्यावर कमरेएवढं, छातीएवढं पाणी चढतं आणि रंग असा काही येतो की फोटोला फिल्टर लागत नाही. ओहोटीला ओटा उघडा पडतो. पोर्ट ब्लेअरच्या आसपास उधाणालाही भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपासच असतो, मुंबईत त्याच्या दुप्पट. पण तळ इतका सपाट की दोन मीटर उतरलं तरी पाणी शे-दोनशे पावलं मागे जातं. राधानगरला याउलट नितळ वाळूचा उतार आहे, दगड नाहीत. पाणी मागे गेलं तरी चार पावलं पुढे जाऊन डुंबता येतं. स्वच्छ किनाऱ्यांना देतात ते निळ्या झेंड्याचं (ब्लू फ्लॅग) मानांकन 2020 मध्ये मिळालेला किनारा तो हाच.

आता भरतीची वेळ. तुमच्या सासऱ्यांना कदाचित माहीत असेल, कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. हे गणित अंदमानात नेऊ नका. बंदर बदललं की वेळ बदलते. इंटरनेटवर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक तारखेप्रमाणे मिळतं, हॅवलॉकसाठी तेवढं पुरतं. आपल्याकडचं एक मात्र तिथेही लागू पडतं: वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त मागे जातं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, कमी. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी बाराला ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी ती अडीचनंतर येईल. हॅवलॉकला मी दोनऐवजी चार रात्री सुचवणार आहे, कारण पुढे सांगतो; त्या चार दिवसांत सकाळी आठ ते अकरा पाणी कुठे असणार, एवढंच कागदावर लिहून काढा. मुलगी त्याच वेळात पाण्यात असणार आहे. नंतर ऊन चावतं.

दुसरी गोष्ट वारा. नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तिथे ईशान्येचा वारा असतो. तो पूर्वेच्या किनाऱ्यावर थेट येतो. विजयनगरला पाणी चुळबुळतं, कधी शेवाळ येऊन पडतं, आणि त्याच दिवशी राधानगर तळ्यासारखं शांत असतं. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा सुटला की उलट होतं: राधानगरला लाल झेंडे आणि पूर्वेला शांतता. हे फक्त अंदमानचं नाही. फुकेतचा पश्चिम किनारा पावसाळ्यात खवळलेला असतो, मॉरिशसच्या पूर्वेला जून ते सप्टेंबर वारा पिंगा घालतो म्हणून जाणते लोक तेव्हा पश्चिमेला राहतात. हॉटेलच्या वेबसाइटवर हे कुणी लिहीत नाही, कारण हॉटेल बाराही महिने विकायचं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते: संध्याकाळ. अंदमान मुंबईपासून रेखांशाने वीस अंश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे सगळं साधारण सव्वा तास आधी होतं. जानेवारीच्या शेवटी तिथे सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि सव्वापाच-साडेपाचला बुडतो. सहाला मिट्ट काळोख. राधानगरचा सूर्यास्त बघायचा म्हणून साडेपाचला टॅक्सी बोलावणारे लोक मी पाहिलेत, ते पोचतात तेव्हा गार्ड शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढत असतो. चारला तिथे असलं पाहिजे.

आणि सहानंतर काय? जेवायला आठ, म्हणजे दोन तास. हे दोन तास तुम्ही कुठे बसणार, यावर सुट्टी निवांत होते की कंटाळवाणी हे ठरतं. खोलीत एक दिवा आणि टीव्ही असेल तर सासूबाई पहिल्याच रात्री "इथे काय करायचं गं?" म्हणतील. समोर ओसरी असेल, दोन बऱ्या खुर्च्या असतील, बाहेर चालण्यापुरता उजेड असेल, तर पत्त्यांचा डाव पडतो. म्हणून मी खोलीच्या आतल्या फोटोंपेक्षा ओसरीचा फोटो मागवतो.

आता तुमचे तीन पर्याय.

बाजारातलं हॉटेल सोडून द्या. डायव्हिंग करणाऱ्या पोरांना ते ठीक आहे, दिवसभर बोटीवर आणि रात्री फक्त पाठ टेकायला. तुमच्या निवांतपणात ते बसत नाही.

राधानगरचं रिसॉर्ट चांगलं आहे यात शंका नाही, आणि तुमच्या तारखांना पाणीही तिथेच जास्त शांत मिळेल. पण किंमत विजयनगरच्या कित्येक पट, आणि ते जंगलात एकटं आहे. संध्याकाळनंतर रिक्षा सहज मिळत नाही. म्हणजे तिन्ही वेळा तिथेच, त्यांच्याच दराने जेवायचं. सासऱ्यांना रात्री साधं मुगाचं वरण आणि मऊ भात हवा असेल तर तो मागता येतो, पण बिल बघून त्यांच्या घशाखाली उतरणार नाही. आमच्या धंद्यात तिथे "एमएपी" घ्यायला सांगतात, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून दर. विजयनगरला "सीपी" पुरतं, फक्त नाश्ता. रस्त्यावर पायी अंतरावर खानावळी आहेत. बेटावर बहुतेक वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे मासे-भात उत्तम. शाकाहारीही मिळतं, फक्त आधी सांगावं लागतं. उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू घरून न्या.

तुमच्यासाठी मी विजयनगर म्हणेन. दोन अटींवर. पहिली म्हणजे तुमच्या तारखांची सकाळची भरती-ओहोटी बघून मगच पैसे भरायचे. चारपैकी दोन सकाळी पाणी असेल तरी पुरे, उरलेल्या दोन दिवशी राधानगरला जा. एकदा सकाळी नाश्ता करून, एकदा दुपारी तीनला निघून सूर्यास्तापर्यंत. जाऊन-येऊन थांबणारी गाडी हॉटेलकडूनच ठरवा. दुसरी अट, खोली जमिनीवरची हवी. अंदमानात खांबांवरची लाकडी झोपडी दिसायला झकास असते, पण सहा-सात उभ्या पायऱ्या, त्यात रात्री ओल. 74 व्या वर्षी ते साहस नको.

विजयनगरचं एक सुख राधानगरच्या रिसॉर्टमध्ये मिळत नाही: अंथरुणातून उठून दहा पावलांवर सूर्योदय. आणि सावली. तिथल्या वाळूवर वाकून आलेले जुने वृक्ष आहेत, स्थानिक लोक त्यांना सी-महुआ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपल्या चिकूचे सख्खे भाऊबंद. त्यांच्या बुंध्याला टेकून सासरेबुवा वर्तमानपत्राविना दोन तास काढू शकले तर तुमची सहल वसूल झाली असं समजा. ओहोटीही तितकी वाईट नसते. उघड्या ओट्यावरच्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे, समुद्रकाकड्या दिसतात. मुलगी पाण्यापेक्षा त्यातच रमेल. फक्त पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, चप्पल नको. आणि शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू देऊ नका. विमानतळावर सामान तपासतात आणि काढून घेतात, मुलं तिथे रडतात.

"बीच फ्रंट" हा शब्द कसा तपासायचा तेही सांगतो. विजयनगरला किनाऱ्याला समांतर एकच रस्ता आहे. रस्ता आणि वाळू यांच्यामध्ये हॉटेल असेल तर ते खरं किनाऱ्यावरचं. रस्त्याच्या पलीकडे सुपारी आणि भातखाचरांच्या बाजूलाही हॉटेलं आहेत, तीही बिनधास्त "बीच दोन मिनिटांवर" लिहितात. खोटं नसतं ते, पण भर उन्हात रस्ता ओलांडून, दुसऱ्याच्या आवारातून वाळूवर जावं लागतं. उपग्रहाचा नकाशा उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. "सी व्ह्यू" तर बऱ्याचदा झाडांच्या फटीतून दिसणारी निळी रेघ असते. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघताना सकाळचे आणि दुपारचे वेगवेगळे बघा.

नीलबद्दल. नील सुंदर आहे, हॅवलॉकपेक्षा लहान आणि शांत. गावांची नावंच बघा: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. जेट्टीला लागून भरतपूरचा उथळ किनारा, लहान मुलांना भरतीच्या वेळी छान. पण एका रात्रीसाठी तिथे जाणं म्हणजे सामान भरा, जेट्टीवर तासभर रांगेत बसा, बोट, रिक्षा, खोली, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यात अंदमानच्या बेटांवर चेकआउट बहुतेक ठिकाणी सकाळी आठ-नऊचं असतं, कारण फेऱ्या सकाळच्या. एक रात्र म्हणजे हातात खरी एक दुपार. नीलला जायचं तर तीन रात्री, नाहीतर यंदा सोडा. तुमच्याबरोबर वयस्क माणसं आहेत, म्हणून मी सोडा म्हणतो. औषधोपचाराच्या सोयीही हॅवलॉकला त्या मानाने बऱ्या, आणि मोठं काही झालं तर दोन्हीकडून पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं.

म्हणजे माझी मांडणी अशी होते: पोर्ट ब्लेअर 1, हॅवलॉक 4, पोर्ट ब्लेअर 1. एजंट कुरकुर करेल. पॅकेजमध्ये ठिकाणं जास्त दिसली की विकायला सोपं जातं.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली आहे ती हौसेने नाही. हॅवलॉक तिथून चाळीसएक किलोमीटरवर. खासगी बोटीला दीड तास, सरकारी बोटीला दोन-अडीच. समुद्र बिघडला की फेरी रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. जानेवारीच्या शेवटी असं क्वचित होतं, पण एका रात्रीच्या भाड्यासाठी पाच माणसांची विमानाची तिकिटं पणाला लावू नका. सासूबाईंना बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यावी, बोट लागल्यावर तिचा उपयोग नसतो. आणि खालच्या मजल्यावरच्या, मधल्या सीट मागा.

पोर्ट ब्लेअरला समुद्र शोधू नका. शहरात, अॅबर्डीन बाजाराच्या आसपास साधं स्वच्छ हॉटेल घ्या, लिफ्ट असलेलं, कारण गाव सगळं चढउताराचं. सेल्युलर जेल तिथून जवळ. सासरेबुवांना सावरकरांची कोठडी बघायचीच असणार. माझ्याकडून गेलेला एकही मराठी म्हातारा माणूस ती न बघता परत आलेला नाही, आणि तिथून बाहेर आल्यावर कितीतरी वेळ बोललेलाही नाही. ती पहिल्याच दुपारी ठेवा, संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम. जेल कुठल्या दिवशी बंद असतं ते आधी विचारा, विमानाचा वार ठरवताना तेवढं बघून घ्या. 26 जानेवारीच्या जोडून सुट्टीत गर्दी उसळते, शक्य असेल तर 27 ला निघा. बोटीही तेव्हा सुटसुटीत मिळतात.

दोन गोष्टी घाबरवायला नाही, माहिती म्हणून. राधानगरच्या एका टोकाला नील्स कोव्ह नावाची खाडीसारखी शांत जागा आहे, पाणी बघून मोह होतो. तिथे पोहायला मनाई आहे. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे, आणि 2010 मध्ये तिथे एका परदेशी महिलेचा जीव गेला. फलक आणि दोऱ्या लावलेल्या असतात, जीवरक्षक जिथे बोट दाखवेल तिथेच उतरा, एवढं पाळलं की झालं. दुसरी गोष्ट त्या मानाने किरकोळ, पण त्रास तीच जास्त देते: सँडफ्लाय. डोळ्यांना धड दिसत नाही असली माशी, पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर चावते आणि आठवडाभर खाज उठते. वाळूवर चटईशिवाय बसू नका. तिथली माणसं पायांना खोबरेल तेल चोपडतात, मीही तेच करतो. संध्याकाळी वाळूत नको, ओसरीवर बसा.

पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट फोन करा, एजंटमार्फत नको. विचारा: खोली क्रमांकाने पक्की देणार का, की "आल्यावर बघू"? वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा? दोन खोल्या शेजारी-शेजारी मिळतील का? शेवटी सांगा, "आज दुपारच्या ओहोटीचा, तुमच्या गेटसमोरून काढलेला फोटो आत्ता व्हॉट्सअॅपवर टाका." जो दहा मिनिटांत टाकतो, त्याच्याकडे मी डोळे झाकून बुकिंग करतो. जो ब्रोशरमधलाच फोटो परत पाठवतो, त्याला मी पुन्हा फोन करत नाही. बाथरूमचाही एक फोटो मागवा, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का ते त्यात दिसेल. नसेल तर आताच सांगा, आठवडाभरात बसवून देतात.